गाळणीतून आलेलं पुस्तक

बाईंना मी ओळखत होतो असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पुष्कळ वर्षं त्यांचं टेबल माझ्या टेबलासमोर होतं. मधे फक्त छपाईचं यंत्र आणि त्याच्या डोक्यावर रचलेले कोऱ्या कागदांचे गठ्ठे. तरीही त्यांचं बालपण कुठे गेलं, लग्न झालं होतं का, झालं असेल तर पुढे काय झालं, यातलं मला काही सांगता येणार नाही. चहा बिनसाखरेचा घ्यायच्या, पण तो आवड म्हणून की डॉक्टरांच्या धाकाने, हेसुद्धा मी कधी विचारलं नाही. मी मुळात भिडस्त माणूस. लिहिण्याच्या बाबतीत तर जास्तच. बाई गेल्यावर त्यांच्या धाकट्या बहिणीने "तुम्ही ताईच्या समोर बसायचात, तुम्हीच लिहा" असं म्हणून माझ्या मागे लकडा लावला नसता, तर मी पेन उघडलंच नसतं. तेव्हा समोरच्या टेबलावरून जेवढं दिसलं तेवढंच लिहितो. चुकलंमाकलं तर तिने सांभाळून घ्यावं.

आमची कंपनी लिफ्ट बनवत नव्हती, लिफ्ट चालवणारा प्रोग्रॅम बनवत होती. माणसाने बटण दाबलं की गाडीने कुठल्या मजल्यावर जायचं, दार किती वेळ उघडं ठेवायचं, ब्रेक केव्हा सोडायचा, हे सगळं तो प्रोग्रॅम ठरवतो. लिफ्टच्या आतल्या खोलीला आमच्या धंद्यात गाडी म्हणतात. खाली गोदाम होतं, त्यात लोखंडी रूळ, चाकं आणि पोलादी दोरांची वेटोळी. वर आमचं ऑफिस. मागच्या बाजूला चाचणीचा मनोरा होता, आणि त्यात एक लिफ्ट वाळूची पोती घेऊन दिवसभर वरखाली करत असायची. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी हमखास विचारायचा, "ही पोती जातात तरी कुणाकडे?" आणि आमचा दाढीवाला न हसता सांगायचा, "माहेरी."

दाढीवाला हा आमचा जुना प्रोग्रॅमर. दाढी त्याने कधीच काढून टाकली होती, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

माझं काम माहितीपुस्तकं लिहिण्याचं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी काय काय केलं आहे ते त्यांना विचारायचं आणि लिफ्ट बसवणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना कळेल अशा भाषेत लिहून काढायचं. त्याआधी मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो, एवढीच माझी पात्रता. प्रोग्रॅमर मंडळींच्या मागे मागे फिरून मी म्हणायचो, "जरा सांगता का?" ते म्हणायचे, "उद्या बसू काका." तो उद्या क्वचितच उजाडायचा. मग मला जे कळलं होतं ते, आणि जे कळलं नव्हतं तेही, मी गुळगुळीत वाक्यांत घालून पुस्तक पुरं करायचो.

बाई प्रोग्रॅमर म्हणून आल्या तेव्हा मधल्या वयाच्या होत्या. केस घट्ट बांधलेले, एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा गळ्यात. आल्या आल्या त्यांनी काही लिहायला घेतलं नाही. आठवडेच्या आठवडे त्या दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचत बसायच्या. कुणाला वाटलं बाईंना काम येत नाही, कुणाला वाटलं साहेबांनी आमच्यावर नजर ठेवायला बसवल्यात.

त्या काय वाचत होत्या ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रोग्रॅम म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांच्या ओळी. त्या ओळींच्या मधे मधे लिहिणारा माणूस साध्या भाषेत टिपणं लिहून ठेवतो, स्वतःला आठवावं म्हणून किंवा आपल्यामागून येणाऱ्याला कळावं म्हणून. अशा ओळीच्या आधी एक ठरलेली खूण असते. ती खूण दिसली की संगणक ती ओळ न वाचता पुढे जातो. ती ओळ फक्त माणसाची. सगळे त्याला कॉमेंट म्हणायचे, बाई मात्र टिप्पणी म्हणायच्या. झालं, दाढीवाल्याने त्यांचं नाव टिप्पणीबाई ठेवून टाकलं.

"टिप्पणीबाई आल्या, लपवा रे," असं तो मोठ्याने म्हणायचा.

"लपवायला तू काही लिहिलंयस का?" बाई मान वर न करता विचारायच्या. "तुझ्याकडे सगळं मोकळं रान आहे."

"बाई, माझ्या आज्ञा इतक्या स्पष्ट असतात की त्यांना टिप्पणी लागत नाही."

"मग मागच्या महिन्यात लिहिलेली ही ओळ काय करते ते सांग बरं."

तो वाकून बघायचा, बराच वेळ बघायचा आणि म्हणायचा, "चहा घेणार का?"

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. मग ते आजींचं प्रकरण झालं.

एका इमारतीत लिफ्टचं दार फार वेळ उघडं राहतं अशी तक्रार होती. आमचा मिस्त्री गच्चीवरच्या यंत्रखोलीत गेला, माझं पुस्तक उघडलं आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे दाराच्या वेळेचा आकडा पाच केला. पाच म्हणजे पाच सेकंद, असं पुस्तक म्हणत होतं. पण पुस्तक छापल्यानंतर प्रोग्रॅम बदलला होता, आणि आता तोच आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात मोजला जात होता. दार उघडलं आणि पापणी लवायच्या आत बंद झालं. त्या वेळी एक आजी बाजारातून आल्या होत्या. आजी आत, पिशवी बाहेर, पट्टे दाराच्या फटीत, आणि तोंडाचा पट्टा दोन्हीकडे. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण सगळी इमारत जिन्यावर जमली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने ते पुस्तक माझ्या टेबलावर आपटलं. "काका, घ्या तुमचा ग्रंथ! आजींनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आठव्या पिढीला हात घालणार होत्या, तेवढ्यात दार उघडलं."

बाई उठून आल्या, पुस्तकातलं पान बघितलं, मग पडद्यावर प्रोग्रॅम बघितला. म्हणाल्या, "छापलं तेव्हा पुस्तक बरोबर होतं. नंतर प्रोग्रॅम पुढे गेला. पुस्तकाला कुणी कळवलंच नाही."

"मग पुढच्या वेळी त्याला तार करा," मिस्त्री फणकारला.

बाईंना हसू आलं नाही. पुस्तक पडद्याशेजारी धरून त्या म्हणाल्या, "ही दोन घरं वेगळी ठेवायचीच कशाला?"

पुढे त्यांनी जे केलं त्याला आम्ही गाळणी म्हणू लागलो. तोही एक प्रोग्रॅमच, पण त्याचं काम लिफ्ट चालवायचं नव्हतं. तो आमचे बाकीचे प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. जिच्या आधी दोन चांदण्या काढल्या आहेत अशी टिप्पणी दिसली की ती उचलायची, ती कुठल्या आज्ञेच्या डोक्यावर आहे ते बघायचं, आज्ञेचं नाव, तिला लागणारे आकडे, त्यांची मापं, सगळं ओळीने लावायचं, अनुक्रमणिका करायची, पानांना आकडे घालायचे. आज्ञा बदलली की तिच्या डोक्यावरची टिप्पणी तिथल्या तिथे बदलायची, आणि रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत गाळणी पुन्हा चालवायची, म्हणजे पुस्तक रोज ताजं.

पहिल्यांदा गाळणी चालली तेव्हा मी डबा उघडून बसलो होतो. छपाईचं यंत्र कुरकुरलं आणि पानं बाहेर पडायला लागली. ज्या कामात माझे महिने जायचे ते माझी पोळी संपायच्या आत झालं होतं. मी डबा तसाच मिटला, खोटं कशाला बोलू?

"काका, तुमची तर सुट्टीच झाली हो," दाढीवाला म्हणाला.

बाई गरम पानं माझ्यासमोर ठेवत म्हणाल्या, "वाचा तर."

वाचलं. रचना अगदी नेटकी होती आणि भाषा भयंकर. 'दार उघ. कालावधी. शून्य नको.' अशी ती भाषा.

"बघितलंत? गाळणीला लिहिता येत नाही. मडक्यात असेल तेच ती पेल्यात ओतणार. तुमचं काम संपलेलं नाही काका, फक्त जागा बदलली. टेबलावर बसून शेवटी लिहायचं नाही. ह्यांच्या शेजारी बसायचं आणि आज्ञा लिहितानाच टिप्पणी लिहून घ्यायची."

त्या दिवसापासून माझी खुर्ची चाकांवर आली म्हणायला हरकत नाही. आज ह्याच्या शेजारी, उद्या तिच्या शेजारी. बाईंचा एकच नियम होता, शिडीवर एका हाताने तोल सांभाळत उभ्या असलेल्या माणसाला एका वाचनात कळलं पाहिजे. कुणी लांबलचक वाक्य लिहिलं की त्या म्हणायच्या, "पडला तो माणूस." दाढीवाल्याच्या वाक्यांखाली त्या काळात बरीच माणसं पडली.

साहेबांचा मात्र ह्या प्रकारावर विश्वास नव्हता. माणूस वाईट नव्हता, पण कंपनी त्यांनी शून्यातून उभी केली होती आणि जे चाललंय त्याला धक्का लावायची त्यांना भीती वाटायची. तेवढ्यात एका मोठ्या हॉस्पिटलच्या लिफ्टचं काम आलं. उंच इमारत, रुग्णांच्या खाटा वरखाली न्यायच्या. एवढं मोठं काम आम्हाला आधी कधी मिळालं नव्हतं. प्रोग्रॅमबरोबर माहितीपुस्तकही द्यायचं होतं, आणि हॉस्पिटलने नेमलेला तपासनीस दोन्ही तपासून सही करणार होता.

साहेब म्हणाले, "ह्या कामाला काकांचं पुस्तक द्यायचं. गाळणीचे प्रयोग नंतर."

"काकांचं पुस्तक लिफ्ट बसायच्या आधी शिळं होईल," बाई म्हणाल्या. "आजी आठवतात ना? तिथे पिशवीच्या जागी खाट असेल."

साहेब म्हणाले, "ठीक आहे. तपासनिसाने मान्य केलं तर ह्यापुढची सगळी पुस्तकं गाळणीतून. नाही केलं, तर गाळणी बंद, आणि तो विषय पुन्हा माझ्यासमोर काढायचा नाही."

"कबूल. पण माझीही एक अट आहे. मधे कुणी हात लावायचा नाही. छपाईच्या यंत्रातून जे निघेल ते जसंच्या तसं त्यांच्या हातात. नाहीतर उद्या सगळे म्हणतील, पुस्तक काकांनीच दुरुस्त केलं."

एवढ्या वर्षांत बाईंनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. गाळणीसाठी मात्र त्या अडून बसल्या. कारण ती बंद झाली असती तर पुन्हा तेच झालं असतं. पुस्तक एका वाटेने, प्रोग्रॅम दुसऱ्या वाटेने, आणि मधे शिडीवरचा माणूस.

अडचण अशी होती की नव्या भागांना दोन चांदण्यांच्या टिप्पण्या लिहून झाल्या होत्या, पण जुन्या भागांकडे कुणी फिरकलंच नव्हतं. तिथे पुस्तकात कोरी पानं येत होती. सगळे म्हणत होते, "उद्या लिहितो." तपासनीस यायची वेळ आली तेव्हा बाईंनी गाळणीला सांगितलं, जिथे चांदण्या नसतील तिथे आज्ञेच्या डोक्यावर जी काही टिप्पणी असेल ती घे. पानं भरली. आम्ही सगळे खूश. जी टिपणं लोकांनी आपापसात म्हणून वर्षानुवर्षं लिहून ठेवली होती ती आता चारचौघांत जाणार आहेत, हे त्या खोलीत एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि हात लावायचा नाही ही अट असल्यामुळे ते पुस्तक कुणी वाचलंही नाही. मीसुद्धा नाही.

तपासनीस बारीक चणीचे, अंगात फिकट सदरा, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याने पुढे वाकून ऐकावं. पुस्तक यंत्रातून निघालं तसं त्यांच्यासमोर ठेवलं. आम्ही भिंतीला टेकून उभे. ते शांतपणे पानं उलटत गेले. मधेच थांबले.

"हे जरा विचारायचं होतं. 'साहेबांना हिरवा आवडतो म्हणून दिवा हिरवा. लाल जास्त बरा दिसला असता.' हा तांत्रिक मुद्दा आहे का?"

कुणीतरी खोकलं. साहेबांचा चेहरा आधी हिरवा आणि मग लाल झाला असावा, मी जमिनीकडे बघत होतो.

तपासनिसांनी आणखी पानं उलटली. "'ही ओळ सुट्टीवर निघता निघता लिहिली आहे. सांभाळून घ्या.' कोण सुट्टीवर गेलं होतं?"

दाढीवाल्याने छतावरच्या पंख्यात फार रस घेतला. एकीला हसू आवरेना, ती बाहेर पळाली. साहेब बाईंकडे बघत नव्हते, पण त्यांच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसत होती. मला वाटलं, आटोपलं. निदान थट्टेवारी तरी जाईल.

मग तपासनिसांनी तिसरं वाक्य वाचलं, आणि ह्या वेळी त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

"'ब्रेक सोडण्याआधी एक सेकंद थांबा. थांबलं नाही तर तळमजल्यावरून वर जाताना गाडी दचकते. का दचकते ते कळलेलं नाही. हात लावू नका.'"

आता कुणी हसलं नाही.

"ही लिफ्ट शस्त्रक्रिया होऊन आलेल्या माणसाला नेणार आहे," ते म्हणाले. "आणि ती का दचकते हे तुम्हाला ठाऊक नाही."

साहेब घाईघाईने म्हणाले, "जुनी ओळ आहे. चुकून आली. आत्ता काढून टाकतो, तासाभरात नवीन पुस्तक देतो. कुणी लिहिलं हे?"

सगळ्यांच्या नजरा दाढीवाल्याकडे गेल्या. त्याचा लौकिकच तसा होता. तोही बिचारा आपलंच असणार असं समजून पुढे झाला.

"माझं आहे," बाई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा बदलला, पान जवळ घेऊन पुन्हा वाचलं. "इथे आल्यावर मी लिहिलेली पहिलीच टिप्पणी. तेव्हा कळलं नव्हतं. पुढे बघू म्हटलं आणि राहून गेलं."

"ठीक आहे बाई, ठीक आहे. वाक्य काढून टाका म्हणजे झालं," साहेब म्हणाले.

"वाक्य काढलं तर पुस्तक छान दिसेल. गाडी तशीच दचकेल." मग त्या तपासनिसांकडे वळल्या. "आज सही करू नका. मला थोडे दिवस द्या. कारण सापडलं तर ते ह्याच जागी लिहिलेलं असेल. नाही सापडलं तर हेच वाक्य असेल. मग तुम्हाला वाटेल ते करा."

त्या वेळी त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. हात मात्र पानावर दाबून धरला होता. मी समोरच उभा होतो म्हणून मला दिसलं. तपासनिसांनी पुस्तक मिटलं आणि "पुढच्या आठवड्यात येतो" म्हणून निघून गेले. साहेबांनी आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. ते दार मात्र बराच वेळ उघडलं नाही.

मी बाईंना म्हणालो, "माझ्या पुस्तकात हे वाक्य आलंच नसतं."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "तुम्ही असतात तर लिहिलं असतंत, 'सुखकर प्रवासासाठी गाडी क्षणभर विसावते.' इतकं गोड, की कुणी शंकाच घेतली नसती."

मला हसू आलं, आणि त्यांचं म्हणणं खरंच होतं.

मग चाचणीच्या मनोऱ्यात शोध सुरू झाला. बाई, दाढीवाला आणि मिस्त्री. मी कागद सांभाळायला. एका सेकंदाचं थांबणं काढून टाकलं आणि गाडी प्रत्येक मजल्यावरून सोडून बघितली. वरच्या मजल्यांवर काही नाही. तळमजल्यावर मात्र हलका दचका. पोत्यांऐवजी माणसं उभी केली तर दचका वाढायचा. दाढीवाला म्हणाला, "पोती गुणी आहेत, हलत नाहीत."

बाई एकदम थांबल्या. "काय म्हणालास?"

"गंमत केली हो."

"पोती हलत नाहीत. माणसं आत येताना हलतात." त्यांनी गाडीच्या तळाशी वजन मोजणारं यंत्र असतं त्याचे आकडे पडद्यावर रेघेसारखे काढले. मिस्त्रीला सांगितलं, "आत या. बाहेर जा. पुन्हा आत."

"बाई, माझी वरात काढताय का?" मिस्त्री म्हणाला, पण आत गेला. तो आत पाऊल टाकायचा आणि पडद्यावरची रेघ एकदम सरळ व्हायच्या ऐवजी वरखाली थरथरायची, मग हळूहळू शांत व्हायची. मोटर वर असते, दोर वरून खाली येतो. गाडी तळाशी असते तेव्हा दोर सर्वांत लांब. लांब दोर, मग तो पोलादी का असेना, किंचित ताणतो आणि गाडी त्यावर हलकेच झुलते. ती झुलत असतानाच वजन मोजलं तर आकडा चुकतो, मोटर चुकीच्या जोराने धरते, आणि ब्रेक सुटला की गाडी दचकते. एक सेकंद थांबलं की झुलणं थांबलेलं असायचं, म्हणून दचका नाही.

हे सगळं बाईंनी आम्हाला सांगितलं आणि बोलता बोलता मनोऱ्याच्या टोकाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आपला मनोरा ठेंगणा आहे. हॉस्पिटलची इमारत उंच आहे. तिथे दोर कितीतरी लांब."

दाढीवाल्याची थट्टा जिरली. "म्हणजे तिथे एक सेकंद पुरणार नाही."

"नाही पुरणार."

म्हणजे 'हात लावू नका' म्हणून ठेवलेल्या त्या ओळीला हात लावला नसता, तर हॉस्पिटलमध्ये तळमजल्यावरून निघणारी प्रत्येक खाट दचकली असती. आणि पुस्तक माझं असतं तर तिथे प्रवास सुखकर असल्याचं लिहिलेलं असतं.

बाईंनी आज्ञा बदलली. ठरावीक वेळ थांबण्याऐवजी वजनाचा आकडा स्थिर होईपर्यंत गाडी थांबेल. फारच वेळ लागला तर दार उघडून सूचना देईल. मग टिप्पणी लिहायला मला शेजारी बसवलं. दोघांनी मिळून कितीतरी वाक्यं लिहिली आणि खोडली. शेवटी राहिलं ते असं: 'माणसं आत आल्यावर गाडी दोरावर थोडी झुलते. झुलत असताना मोजलेलं वजन चुकीचं असतं. आकडा स्थिर झाला की मगच ब्रेक सोडा. दोर जितका लांब तितका वेळ जास्त.' वर दोन चांदण्या. मिस्त्रीला शिडीवर चढवून वाचून दाखवलं. तो पडला नाही.

तेवढ्यावर बाई थांबल्या नाहीत. उरलेल्या जुन्या टिप्पण्या सगळ्यांना समोर बसवून वाचून घेतल्या. जे वाचायचं ते प्रोग्रॅममध्येच वाचायचं, पुस्तक झाल्यावर त्याला बोट लावायचं नाही, ही रीत तिथून पडली. तपासनीस पुन्हा येणार त्या दुपारी गाळणी चालली, पानं निघाली, आणि ते आल्यावर बाईंनी ती तशीच त्यांच्या हातात दिली.

त्यांनी सर्वांत आधी ब्रेकचं पान काढलं. वाचलं, पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "मनोऱ्यात दाखवा." ते स्वतः गाडीत चढले, मुद्दाम पाय आपटत चढले, आणि पडद्यावरची रेघ शांत होईपर्यंत गाडी हलली नाही. खाली आल्यावर त्यांनी पेन काढलं. सही करताना म्हणाले, "मी पुष्कळ पुस्तकं तपासली. 'कळलेलं नाही' असं लिहिलेलं एकही बघितलं नव्हतं. म्हणून तर परत आलो."

साहेब बाईंना काही म्हणाले नाहीत. त्यांना ते जमत नसे. पण दुसऱ्या दिवशी आमच्या खोलीत नवीन छपाईचं यंत्र आलं, आणि त्यावर साहेबांच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'गाळणीसाठी. रंग कुठलाही चालेल.'

हॉस्पिटलची लिफ्ट सुरू झाली तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो. काही काम नव्हतं. तळमजल्यावर एक खाट आत आली, शेजारी सलाईनची बाटली धरलेली परिचारिका. गाडी क्षणभर थांबली आणि निघाली. बाटलीतलं पाणी हललंसुद्धा नाही. खाटेवरचा माणूस डोळे मिटून होता, त्याला काय कळणार! मला मात्र राहवेना. मी लिफ्ट चालवणाऱ्याला म्हणालो, "हे आमच्या बाईंनी केलंय."

"कोण बाई?" तो म्हणाला.

"आमच्या समोर बसतात त्या," असं काहीतरी मी बोलून गेलो. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि कुठला मजला हवा ते विचारलं. पण मला त्याचं काही वाटलं नाही. मी ताठ उभा राहिलो आणि सगळ्यात वरच्या मजल्यापर्यंत जाऊन आलो.

त्यानंतर आमच्याकडून हाताने लिहिलेलं पुस्तक कधी गेलं नाही. दुसऱ्या कंपन्यांची माणसं गाळणी बघायला यायची. बाई त्यांना सगळं दाखवायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "ह्यात हुशारी काही नाही. वाक्यं काका लिहून घेतात." मला कुठे तोंड लपवू असं व्हायचं. 'कळलेलं नाही' असं लिहायला आमच्या खोलीत नंतर कुणाला लाज वाटली नाही. अशा टिप्पण्यांचं गाळणी वेगळं पान करायची, सगळ्यात पुढे, आणि बाई रोज आधी ते पान बघायच्या. त्यांच्या काळात ते पान कधी कोरं झालं नाही. पण त्यावरची वाक्यं बदलत राहिली, आणि त्याचा आम्हाला अभिमान होता.

पुढे त्यांची तब्येत बिघडली. काय झालं होतं हे मी नीट विचारलं नाही, त्यांनीही नीट सांगितलं नाही. त्या धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. तिथेही रोजचं पुस्तक त्यांच्या पडद्यावर यायचं. काही खटकलं की दुपारी मला फोन करायच्या. तो शेवटचा फोन आहे हे मला कुठून कळणार? नाहीतर मी तरी काही वेगळं बोललो असतो. कदाचित नसतोही.

"काका, आजचं बघितलंत?"

"बघितलं. ठीक वाटलं मला."

"दाराच्या भागात कुणीतरी लिहिलंय, 'यथोचित वेळ थांबावे.' यथोचित म्हणजे किती?"

"त्या नव्या मुलीने लिहिलंय. सांगतो तिला."

"रागावू नका हं. नुसतं विचारा, किती. आणि तिलाही माहीत नसलं तर तसं लिहू दे."

"विचारतो. आत्ताच विचारतो."

मागून त्यांच्या बहिणीचा आवाज आला, "अगं ताई, दूध! किती वेळ झाला सांगतेय!"

"ठेवते काका. दूध वर आलंय."

"ठेवा, ठेवा," मी म्हणालो.